खिडकीतला होकार

२ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची. पेटी कॉटखाली सरकवली, उशीला घरचा अभ्रा चढवला आणि टेबलाच्या लुळ्या पायाखाली गेल्या वर्षीचं शरीरशास्त्राचं पुस्तक सारलं. त्या पुस्तकाचा याहून चांगला उपयोग आमच्या वर्गात कुणी केला नसेल. खोलीतून रुग्णालयाची मागची बाजू दिसते. दोरीवर हिरव्या चादरी वाळताहेत आणि धोबी त्या अशा झटकतोय, जणू त्यांनीच त्याचं काही बिघडवलंय. मन एकदम प्रसन्न आहे. मी सुईण होणार म्हटल्यावर ज्या मावशीने नाक मुरडलं होतं, तिला पांढऱ्या अ‍ॅप्रनमधला फोटो मुद्दाम पाठवला.

खोलीत जोडीला एक मुलगी आहे. ती बोलायला तोंड उघडते आणि वाक्य बाहेर पडेपर्यंत माझी वेणी घालून होते. तिचं नाव मी गोगलगाय ठेवलंय, मनातल्या मनात. ती औषधशास्त्रात काठावर पास झाली, मी पहिली आले. पहिली येण्यात फार मोठं काही नाही हे मलाही कळतं. वासरात लंगडी गाय शहाणी. पण लंगडी का होईना, गाय मीच आहे.

औषधशास्त्राच्या बाईंचा तास आज पुन्हा झाला. योग्य बाई, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, योग्य नोंद. बोटं मोजत मोजत म्हणतात. एका हाताची बोटं संपली की दुसरा हात पदरातून बाहेर काढतात, तोही दरवेळी नवा लागल्यासारखा. सुई टोचण्याआधी दोघींनी बघितलंच पाहिजे, असं त्या म्हणतात. एकीचे डोळे नीट असतील तर दुसरी कशाला, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. पहिल्याच दिवशी कशाला, म्हणून सोडून दिलं.

रात्रीच्या जेवणाआधी ताईचा फोन. नववा लागलाय. तिने नाव इथेच घातलंय, कारण काय तर मी इथे आहे. आमची ताई म्हणजे अजब काम. खोकल्याची बाटली आणली तरी आधी नाव, मग मुदत, मग बारीक अक्षरातलं सगळं वाचणार आणि मगच झाकण उघडणार. आईची नजर गेली तेव्हापासून आईची औषधं ताईच द्यायची, तेव्हाची ही खोड. औषधाचा दुकानदार तिला लांबून येताना बघूनच उसासा टाकतो. फोनवर म्हणाली की आता तू आहेस तिथे, मी काही वाचणारबिचणार नाही, डोळे मिटून पडून राहणार. मी म्हटलं, राहा की.

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रसूती विभाग पाहिला. भिंतींना अर्ध्यापर्यंत हिरवा रंग, त्यावर पांढरा, आणि दोन्हींच्या मधोमध एक तेलकट पट्टा, जिथे कळा येणाऱ्या बायका हात टेकून चालतात. मोठ्या सिस्टर इथल्या सर्वेसर्वा. कमरेला किल्ल्या, चालताना त्यांचा आवाज आधी येतो, बाई मागून येते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते माणसाकडे पाहतात तसं नव्हे. नवीन बादली आली तर तिला गळती आहे का एवढंच बघतात, तसं.

मग माझं काम दाखवलं. आधी मला वाटलं थट्टा आहे.

औषधांची खोली एवढी अरुंद की तिच्यात फ्रिज, कपाट आणि मोठ्या सिस्टर एवढंच मावतं. दुसऱ्या माणसाला जागा नाही. पण नियमाप्रमाणे औषध दोघींनी बघायला हवं. तर या शहाण्यांनी खोली मोठी करायची सोडून भिंत फोडली. भिंतीला लागून एक खोपटं आहे, त्यात एक स्टूल, आणि मधल्या भिंतीत तिकीट खिडकीसारखी काच, बोलण्यासाठी भोकं पाडलेली. पलीकडून सिस्टर औषध काचेला लावणार, वाचणार. अलीकडे स्टुलावर बसलेलीने बघायचं आणि म्हणायचं, बरोबर. झालं काम. ते काम म्हणे नवीन मुलीचं. शिकाऊ मुलीला एकटीने दुसरी तपासणी करायला लावायची नसते, हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. पण इथे पुस्तक टेबलाखाली सारलेलं दिसतंय.

आम्ही खोपट्याच्या दारापाशी होतो तेव्हा आतून एका मुलीचा आवाज आला, बरोबर. सिस्टरनी दार ढकललं तर स्टूल रिकामं. त्यावर एक तपकिरी शाल, खाली पाण्याची बाटली. माझ्या आधीची मुलगी कुठे गेली विचारलं तर सिस्टर म्हणाल्या की चहाला गेली असेल. मग म्हणाल्या की नाही, ती तर सोडून गेली. कधी गेली ते काही त्यांना आठवेना. नावही आठवेना. खिडकीवाली होती, एवढंच. आजपासून खिडकीवाली मी.

चुकीचं असेल तर काय म्हणायचं, असं मी विचारलं. सिस्टर हसल्या. म्हणाल्या की इतकी वर्षं झाली, अजून तशी वेळ आली नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिले दोन दिवस मी इमानेइतबारे बघितलं. त्याचा हा वृत्तांत.

सिस्टर वाचत नाहीत. नखाने काचेवर टकटक करतात आणि हं? एवढंच म्हणतात. औषधाची कुपी काचेला लावतात ती अशी, की नेमकं नाव बोटाखाली. काल मी त्यांना बोट जरा बाजूला घ्यायला सांगितलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, जणू स्टूल बोललं. मग बोट तसंच ठेवून पुन्हा म्हणाल्या, हं? मी म्हटलं, बरोबर. त्या गेल्यासुद्धा.

फ्रिजचं दार उघडं असलं की आतलं मला दिसतं. एकाच स्टीलच्या ट्रेमध्ये ऑक्सिटोसिन आणि अर्गोमेट्रिन शेजारी शेजारी झोपवलेत. दोन्ही बोटाच्या पेराएवढ्या कुप्या, दोन्ही थंड ठेवायच्या, दोन्ही बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबवायला, गर्भाशय आकसवायला. फरक एवढाच की दुसरं औषध बीपी वाढवतं. जिचं बीपी आधीच चढलेलं आहे तिला ते दिलं तर मेंदूतली शीर फुटू शकते. हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणजे निदान गोगलगाय तरी सांगेल, अर्ध्या तासात. मी सिस्टरना म्हटलं की दोन वेगळे ट्रे ठेवू या. त्या म्हणाल्या की जुळ्या पोरी असल्या तरी आईला कळतं कोण कुठली ते.

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मी का डोळे फोडून घेऊ? आजपासून स्टुलावर कादंबरी घेऊन बसते. वही पण आणलीय. हे तिथेच बसून लिहितेय. मधे दोनदा टकटक झाली, दोनदा बरोबर म्हटलं. मान वर करावी लागली नाही. नंदीबैलाला निदान मान तरी हलवावी लागते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ही नोकरी नाही, विश्रांतिगृह आहे. कादंबरी संपत आली.

एक गोष्ट किळसवाणी आहे, ती लिहून ठेवते. काचेच्या भोकांपाशी, नेमकी तोंडाच्या उंचीवर, एक धुरकट गोल खूण आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे श्वास सोडत बसल्यासारखी. मी स्पिरिटच्या बोळ्याने घासून काढली. जेवून आले तर पुन्हा होती, ओली. धुणारी बाई म्हणाली की ती जात नाही, मी केव्हाच नाद सोडला. इथे सगळ्यांनीच सगळ्याचा नाद सोडलाय.

आणि एक गंमत. जेवणघरात आचाऱ्याने विचारलं की भाजीत मीठ जास्त झालंय का. जास्तच झालं होतं, तोंडात घालवत नव्हतं. मी म्हटलं, बरोबर. तो खूश होऊन अजून एक पळी वाढून गेला. गोगलगाय माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा घास गिळून होईपर्यंत मी ताट ठेवून आले. सवयीचा परिणाम. पोपटाला शिकवलं तर पोपटही म्हणतो.

ज्यांची कॉट औषधांच्या खोलीच्या दारापाशी आहे त्या शिंपीणबाईंशी ओळख झाली. बसल्या बसल्या नजरेने माझं माप घेतलं आणि म्हणाल्या की अ‍ॅप्रन शिवणाऱ्याने तुझ्या डाव्या खांद्याचा खून केलाय. त्यांनी लगेच दोन टाचण्या लावून दिल्या. बाळंतपण झालं की नीट शिवून देणार आहेत. पाय सुजलेत, बीपी चढलंय, पण जीभ चालू आहे. या अख्ख्या इमारतीत आपल्या कामाचा अभिमान असलेलं एवढं एकच माणूस आणि तेही पेशंट.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज टकटक व्हायच्या आधीच मी बरोबर म्हटलं. सिस्टर अजून फ्रिजपाशीच होत्या, पाठमोऱ्या. त्यांनी तेवढ्यावर औषध सिरिंजमध्ये ओढून घेतलं आणि निघाल्या. कुपी काचेपर्यंत आलीच नाही. मला हसू आलं. मग नाही आलं.

तासाला बाईंनी मला उभं केलं. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा काय? कॅल्शियम ग्लुकोनेट, हे मला झोपेतही येतं. तोंड उघडलं तर बाहेर पडलं, बरोबर. वर्ग हसला. गोगलगाय सुद्धा हसली आणि या खेपेला वेळेवर. बाईंनी बसायला सांगितलं. मी, पहिली आलेली, खाली मान घालून बसले. नुसता चहा प्यायल्याने होत असेल, पित्त झालं असेल.

ताईचा फोन. बीपी थोडं वर आहे म्हणे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. भाऊजी घाबरलेत, ती नाही. पुन्हा तेच म्हणाली की तू आहेस म्हणून मला घोर नाही. मला सांगायचं होतं की इतकी निर्धास्त राहू नकोस, तुझं वाचायचं सोडू नकोस. मी काय म्हटलं ते लिहीत नाही. कळलंच असेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शिंपीणबाईंना सकाळी मुलगा झाला. माझ्या खोपट्यात तो रडल्याचा आवाज आला. टकटक झाली. हं? मी कादंबरीचं शेवटचं पान वाचत होते. बरोबर म्हटलं आणि पान वाचून संपवलं.

थोड्या वेळाने शिंपीणबाई म्हणायला लागल्या की डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे दिसेना झालंय. मग झटके. मी धावत बाहेर आले. चौघींनी मिळून त्यांना धरलं होतं, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, आणि त्यांचा एक हात हवेत काहीतरी शोधत होता, टाचणी शोधावी तसा. स्ट्रेचरवरून त्यांना मोठ्या रुग्णालयात नेलं.

गडबडीत मी तुटक्या कुप्यांच्या डब्यात बघितलं. सगळ्यात वर अर्गोमेट्रिन. डब्यातलं बाकी सगळं जुनं, वाळलेलं. ती एक कुपी ओली होती.

काचेवर आली होती ती. माझ्या नाकापासून हाताएवढ्या अंतरावर. सिस्टर ज्याला त्याला म्हणत होत्या की दोघींनी बघितलं होतं, बाईचं नशीब. नोंदीत त्यांच्या सहीखाली माझी सही आहे. मी या बाईला पंधरा दिवस नावं ठेवली. तिने निदान कुपी काचेला लावली. मी मान वर केली नाही. तिच्यात आणि माझ्यात कोण जास्त वाईट हे ठरवायला कुणाची गरज नाही.

डाव्या खांद्याला अजून दोन टाचण्या आहेत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

औषधशास्त्राच्या बाईंकडे गेले. रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. मी बघितलं नाही, ते औषध चुकीचं होतं. खुर्चीवर बसवलं त्यांनी, पाणी दिलं. मी म्हटलं, बाई, ते औषध, आणि पुढे तोंडातून आलं, बरोबर होतं.

पुन्हा प्रयत्न केला. बरोबर होतं. रडू यायला लागलं तरी तेच. बाईंनी पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या की मग झालं तर, कशाला जिवाला लावून घेतेस. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी त्यांच्या तासाला कधी पाहिलं नव्हतं. त्यांना तेच ऐकायचं होतं.

खोलीत येऊन आरशासमोर उभी राहिले. बाकी सगळं बोलता येतं. पाणी दे. दार लाव. टॉवेल कुठाय. फक्त नकार निघत नाही. नाही म्हणायला ओठ उघडते आणि दुसरंच कुणीतरी आतून ते वाक्य पुरं करतं. गोगलगाय कॉटवरून विचारत होती की काय बरोबर, कोण बरोबर.

वहीत मात्र येतं. चूक. चूक. चूक. नाही. देऊ नका. बघ, आलं. हात अजून माझा आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शिंपीणबाई गेल्या. पोर त्यांच्या सासूकडे दिलं.

आज ठरवलं की स्टुलावर बसायचंच नाही. दोघी नाहीत म्हटल्यावर सिस्टरना औषध देता येणार नाही, बघू काय करतात. खोपट्याबाहेरच्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. टकटक झाली. हं?

आणि आतून माझा आवाज आला. बरोबर.

माझाच. जरासा घोगरा, शेवटचं अक्षर मी ओढते तसंच ओढलेलं. दार ढकललं. स्टूल रिकामं. तपकिरी शाल त्यावर. काचेवर ती खूण, ओली, आणि माझ्यासमोर हळूहळू आणखी धुरकट होत गेली. पलीकडे सिस्टर सिरिंजमधली हवा काढत होत्या. त्यांनी वर पाहिलं सुद्धा नाही.

म्हणजे पहिल्या दिवशी ऐकला तो आवाज आधीच्या मुलीचा. तीही सोडूनच गेली असणार. आवाज मागे ठेवून.

मी बसले काय, नाही बसले काय. होकार मिळतोच. या लोकांना तेवढंच हवं होतं, माणूस कधी नकोच होतं.

ताईला आत्ता लिहून पाठवलं, इथे येऊ नकोस, दुसरीकडे जा, कारण विचारू नकोस. ती वाचेल. वाचणं हीच तर तिची खोड.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तिने वाचलं नाही. तिचा फोन घरीच राहिला. बीपी एकदम चढलं म्हणून भाऊजींनी गाडीत घातली आणि थेट इथे आणली. दारापाशीच्या कॉटवर आहे. त्याच.

मी तिच्यापाशी गेले तर तिने माझा हात गालाला लावला. सुजलाय चेहरा. म्हणाली की आता मी मोकळी, आता तू बघ. मी म्हटलं — ते जाऊ दे.

सिस्टरना चिठ्ठी लिहून दिली. हिचं बीपी जास्त आहे, अर्गोमेट्रिन चालणार नाही. त्यांनी घडी घालून खिशात टाकली, नंतर वाचते म्हणाल्या. भाऊजींनाही लिहून दिलं. ते बिचारे लगेच सांगायला गेले. सिस्टरनी त्यांना सुनावलं की हे आम्हाला शिकवायची गरज नाही, आणि खिडकीत हिचीच सख्खी बहीण बसते, आणखी काय पाहिजे? भाऊजी परत आले ते हसत. घोर गेला म्हणाले.

फ्रिजमधल्या कुप्या फोडून टाकल्या असत्या. पण खोलीला कुलूप, किल्ली सिस्टरच्या कमरेला. प्रसूतीच्या वेळी नातेवाइकांनी आत थांबायचं नाही असा नियम आहे. हा एक नियम मात्र इथे पाळतात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळ. स्टुलावर आहे. बसलेच पाहिजे. नाही बसले तर तो आवाज बोलेल. बसले तर निदान कागद काचेला लावता येईल. बोलता येत नाही तर नसू दे. लिहिता येतं.

ताई कळा देतेय. भोकांतून सगळं ऐकू येतं. ती ओरडत नाही, मोजते, आई मोजायला शिकवायची तसं.

माझा श्वास काचेवर पडत नाहीये. तरी खूण वाढतेय.

—

बाळ रडलं. मुलगी. ताई हसली, मी ऐकलं.

किल्ल्यांचा आवाज. कुलूप. फ्रिज उघडला. ट्रेवर हात — न बघता — बाहेर ताईला काहीतरी सांगत सांगत —

चष्मा कपाळावर आहे सिस्टरचा.

पान तयार ठेवते. मोठ्या अक्षरात. म्हणजे नुसतं वही उलटी करून काचेला —

बरोबर

नाही. मी हे लिहिलं नाही. चूक लिहायचं होतं. पुन्हा.

बरोबर

हात माझा आहे. माझा आहे. हळू लिहू. एकेक अक्षर. च —

बरोबर

टकटक झाली. कुपी काचेवर आहे. बोट आज नावावर नाही. स्पष्ट दिसतंय. अ. र्गो. हे ते नाही. सिस्टर, हे ते नाही. मी काचेवर मूठ मारतेय, आवाज होत नाही —

ताई विचारतेय. कॉटवरून. कुठलं औषध, जरा दाखवा, मी वाचते. सवय आहे म्हणतेय. वाच ताई. उठ. बघ. हात पुढे कर —

सिस्टर म्हणाल्या की तुझ्या बहिणीने बघितलंय.

माझा आवाज आला. मागून, माझ्या खांद्यामागून, टाचण्या आहेत तिथून —

ताई म्हणाली की ती बसलीय ना, मग राहू दे. डोळे मिटले तिने. काचेतून, पलीकडच्या उघड्या दारातून दिसतंय, दंड पुढे केलाय, डोळे मिटून —

ताई बघ. ताई वाच. ते बरोबर

ते बरो